काउंट लालीचा शिरच्छेद: न्याय की बळी?

गडवाट:
९ मे १७६६ ला पॅरिसच्या भर चौकात फ्रान्सने आपल्याच सेनापतीचं मुंडकं उडवलं. शेवटचं बोलताही येऊ नये म्हणून तोंडात बोळा कोंबला होता. हा थॉमस आर्थर, काउंट द लाली. आयरिश बापाचा मुलगा, १७४५ च्या फाँतन्वाच्या लढाईत नाव कमावलेला सरदार. १७५८ मध्ये भारतातल्या फ्रेंचांच्या मुख्य ठाण्यात, पाँडिचेरीला उतरला आणि जूनपर्यंत इंग्रजांकडून कडलूर आणि जवळचा किल्ला फोर्ट सेंट डेव्हिड दोन्ही घेतले. पुढे खजिन्यात खडखडाट, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ऐकेनात, आणि १७५९ मध्ये फ्रेंच आरमारप्रमुख द'आशे आरमार घेऊन गेला तो परतलाच नाही. आरमाराशिवाय बंदर किती दिवस लढवणार? पानिपत झालं त्याच आठवड्यात (जानेवारी १७६१) पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. खापर एकट्या लालीवर फुटलं. माझ्या मते त्याचा बळी दिला गेला.

कावेरीकाठ:
पैसे नव्हते म्हणून त्याने काय केलं, तेही लिहा ना. जुन्या कर्जरोख्याचे ५६ लाख मागत तंजावरच्या भोसल्यांवर चालून गेला. वाटेत किवळूरचं देऊळ लुटलं, तिथल्या ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिलं. तंजावर हाती लागलं नाहीच. शिवाय हैदराबादेत इतकी वर्षं पाय रोवून बसलेल्या फ्रेंच सरदार बुसीला परत बोलावलं आणि निजामाकडचं फ्रेंचांचं वजन घालवलं. यात द'आशेचा काय दोष?

शिलेदार:
लाली इंग्रजांकडून हरला त्या वांदिवाशच्या लढाईत (२२ जानेवारी १७६०) मराठे स्वारही फ्रेंचांच्या बाजूला होते, पण प्रत्यक्ष लढले नाहीत. बुसी तिथेच इंग्रजांच्या हाती लागला.

गडवाट:
किवळूरचं समर्थन कोण करेल? ते क्रौर्यच होतं. पण खटला त्यासाठी चाललाच नाही. आरोप होता राजाच्या हिताशी द्रोह केल्याचा. शहर विकणारा माणूस इंग्रजांच्या कैदेतून वचनावर सुटून, बाजू मांडायला आपणहून फ्रान्सला जाईल का? फ्रेंच विचारवंत व्होल्तेअर त्याच्यासाठी उगाच लढला नाही. मुलाने पाठपुरावा केला आणि १७७८ मध्ये राजाच्या मंडळाने निकाल रद्द केला.

कावेरीकाठ:
द्रोह नव्हता, मान्य. मृत्युदंड चूक, तेही मान्य. पण त्यामुळे तो परिस्थितीने गांजलेला थोर सेनापती ठरत नाही. इथले लोक, इथली राज्यं, स्वतःचे अधिकारी, सगळ्यांशी त्याने वैर घेतलं. इंग्रजांच्या मद्रासला घातलेला वेढा १७५९ मध्ये उठवावा लागला तेव्हा मदतीला उभं राहील असं त्याने कोणाला ठेवलं होतं?