जर्मनीत ताजी भाजी स्वस्तात कोठे घ्यावी?

प्रश्न (सोलापूर): माझी मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला जात असून, घरी रोज ताजी पालेभाजी खाण्याची तिला सवय असल्याने तेथे परवडणारी भाजी कोठे मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: कोथिंबीर, पुदिना यांच्या जुड्या तुर्की दुकानांत मिळतात आणि त्या सुपरमार्केटमधील कुंडीतल्या रोपांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात, बटाटे, गाजर, दूध मात्र आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटमधून घ्यावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी.

उत्तर २: आठवडी बाजार स्वस्तच असतो असे नाही, तथापि तो उठण्याच्या सुमारास काही विक्रेते दर उतरवतात.

उत्तर ३: सोबत आपली शेंगाचटणी जरूर द्यावी, परंतु पेढे देऊ नयेत, प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे.