फ्रिजची नळी फुटली, ओकचा फ्लोअर पन्हळी पत्र्यासारखा झालाय. वाचेल का?

चकलीचा_साचा
आम्ही न्यू जर्सीत असतो, घर १९६२ चं, खाली बेसमेंट. लाँग वीकेंडला नणंदेकडे बोस्टनला गेलो होतो, परत येऊन दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. फ्रिजच्या मागची बर्फाच्या मशीनला जाणारी प्लास्टिकची नळी फुटलेली, पाणी किचनमधून डायनिंगच्या लाकडी फ्लोअरवर, किती तास वाहिलं देव जाणे. पाणी बंद केलं, जुने टॉवेल, नऊवारीसुद्धा काढली पुसायला. आता आठवडा झाला, वरून हात लावला तर कोरडं लागतं पण प्रत्येक फळीच्या कडा वर आल्यात आणि मधे खोलगट, अनवाणी चाललं की पायाला कळतं. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं उपटून नवीन टाका, आकडा असा सांगितला की हातातला चहा निवला. नवरा म्हणतो मशीन भाड्याने आणू आणि येत्या शनिवारी घासून सपाट करू. काय करू?

पुणेरी_पाटी
आधी एक बघा, फ्लोअर खरंच अख्ख्या लाकडाचा आहे का? आमच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये "वुडन फ्लोअरिंग" म्हणून बिल्डरने जे दिलं होतं ते लॅमिनेट निघालं, म्हणजे आत दाबलेला भुसा आणि वर लाकडाचा फोटो. बाल्कनीतून पावसाचं पाणी आत आलं आणि भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलं. ते कितीही वाळवा, परत बसत नाही, फेकूनच दिलं. तुमच्याकडे जमिनीत हीटरची जाळी असेल ना, ती उचला आणि फळीची कापलेली कड बघा. थर दिसले तर वेगळं प्रकरण, एकसंध दिसलं तर आशा आहे.

चकलीचा_साचा
बघितलं! एकसंध, पाऊण इंच जाड, एकच रेषा वरून खालपर्यंत.

सुतारपक्षी
मग शनिवारचं मशीन आधी कॅन्सल करा, हात जोडून सांगतो. वर पॉलियुरेथेनचा थर आहे त्यामुळे वरचं पुसलं की कोरडं वाटतं पण पाणी फटींतून खाली जाऊन फळी आणि सबफ्लोअरच्या (फळ्या ज्यावर ठोकलेल्या असतात त्या खालच्या थराच्या) मधे बसलंय. खालची बाजू जास्त फुगली, वरची कमी, म्हणून कडा वर. आत्ता घासलंत तर त्या कडा कापल्या जातील, मग दोन महिन्यांनी खालचं वाळलं की फळी सरळ होणार आणि कडा खाली जाऊन मधे उंचवटा येणार. उपडी होडी. आमच्याच घरात मी ही घाई केली होती, दोनदा घासायला लागलं आणि लाकूड गेलं ते गेलंच.

आता कामाचं. पिनांचा मॉइश्चर मीटर घ्या, लाकडातली ओल टक्क्यांत मोजतो, फार महाग नसतो. आधी जिथे पाणी पोचलंच नाही अशा खोलीत त्याच ओकवर टोचा, तो तुमचा आकडा, बहुतेक ६ ते ९ मधे येईल. मग ओल्या भागात टोचा आणि बेसमेंटमध्ये जाऊन खालून सबफ्लोअरलाही टोचा, लोक हे विसरतात. खालून इन्सुलेशन लावलेलं असेल तर ते ओलं धरून बसतं, काढून टाका, मास्क घालून, कारण ओल एक-दोन दिवस राहिली तरी बुरशी धरू शकते. भिंतीकडेची पट्टी आणि किचन कॅबिनेटच्या पायाची फळी पण काढा, तिथे हमखास डबकं असतं. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, वर एक आणि बेसमेंटमध्ये एक, त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा नाहीतर रात्री बादली भरली की मशीन बंद पडतं. फॅन जमिनीलगत आडवे. बाहेर दमट असेल तर खिडक्या बंदच, आपल्याला सवय असते खिडकी उघडायची. हीटर फुल करून भाजू नका, तडे जातील. आणि वाट बघा, आठवडे लागतात.

वाशिष्ठीकाठ
सुतारपक्षींना अनुमोदन. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात आमच्या घरात गळ्याइतकं पाणी होतं, पाणी उतरल्यावर वडिलांनी कपाटाच्या सागाच्या फळ्या अंगणात उन्हात टाकल्या, तर आमचे म्हातारे सुतारकाका ओरडत आले, "लाकूड सावलीत वाळवायचं हो, पापड नाहीयेत ते!" आधी गाळ धुतला, मग पडवीत थप्पी लावली, प्रत्येक थरात मधे पट्ट्या, वर वजन. दिवाळीनंतर परत बसवल्या. ज्या दोन उन्हात राहून गेल्या त्या मधोमध चिरल्या. तुमचं पाणी तरी स्वच्छ नळाचं आहे, गटाराचं असतं तर मी ठेवा म्हटलं नसतं.

डॉलरबिलर
इन्शुरन्सला फोन केला का?? फुटलेली नळी फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. अचानक फुटलं तर साधारणपणे घराच्या पॉलिसीत बसतं, महिनोन्महिने थेंब थेंब गळत होतं म्हटलं की हात वर करतात. फोटो काढा, मीटरचे आकडे तारीख घालून लिहा. उपटायच्या आधी त्यांचा माणूस बघून जाऊ दे.

चकलीचा_साचा
सहा आठवड्यांनी अपडेट. इन्शुरन्सवाला येऊन गेला, नळी बघून मान डोलावली, चेक अजून यायचाय. वरच्या बेडरूममध्ये आकडा ८, डायनिंगला सुरुवातीला १९ होता तो आता ९, फ्रिजजवळ अजून ११, सबफ्लोअर १२. कडा बऱ्याच बसल्या, मधला भाग तर हात फिरवून शोधावा लागतो. फ्रिजसमोरच्या तीन फळ्या काही ऐकत नाहीत आणि खिळ्यांभोवती काळे डाग पडलेत. ते घासून जातील का?

सुतारपक्षी
सबफ्लोअर अजून उतरू दे, तुमच्या पट्ट्या अरुंद असतील तर वरच्या-खालच्यात ४ चा फरक चालतो, ३ इंच किंवा जास्त रुंद असतील तर २ च. काळं म्हणजे ओकमधलं टॅनिन (लाकडातला तुरट पदार्थ) आणि खिळ्याचं लोखंड ओलीत एकत्र आल्याचा डाग. घासल्यावर उरलं तर उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक ॲसिड, ग्लोव्हज घालून, नंतर पाण्याने नीट पुसून परत वाळवायचं. त्या तीन फळ्या बदला, रेड ओक कुठेही मिळतं.

चकलीचा_साचा
पट्ट्या सव्वादोन इंची आहेत. पण फ्रिजजवळचा ११ पण उतरला की मगच मशीन, असं नवऱ्याने स्वतःहून ठरवलंय. त्याला आता त्या मीटरचा नादच लागलाय, काल देव्हाऱ्यालाही मागून टोचून आला. देव्हारा ७.