‘लोडिंग’ म्हणजे भेसळ नव्हे

रामबागेतला (इंदूर):
‘मालवाहू गाडीला टेम्पो हा साधा मराठी शब्द असताना बृहन्महाराष्ट्रातली मंडळी “लोडिंग” म्हणून हिंदीची भेसळ का करतात?’ असे काल इथे एका पुणेकर सदस्याने लिहिले. ते वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. टेम्पो मुळात मराठी नाहीच. हॅम्बुर्गच्या विडाल कारखान्यातल्या तीनचाकीचे ते नाव, आणि १९५८ साली बजाज टेम्पो निघाली तेव्हा तिच्या गाड्यांबरोबर ते आपल्याकडे रुळले. शिवाय इंदुरात टेम्पो म्हणजे माणसे वाहणारी गाडी. राजवाड्यापासून गुडघ्याला गुडघा लावून आम्ही त्यातूनच कॉलेजला जात होतो. मग सियागंजच्या बाजारातून साखरेची पोती आणणाऱ्या गाडीला आम्ही तेच नाव कसे द्यावे? तिथला हमाल जिला लोडिंग म्हणतो, तिला आमच्या घरातही तीन पिढ्या लोडिंगच म्हणतात.

आकुर्डीचा:
ती नोंद माझीच होती. परका शब्द मराठीत येतो याला माझी हरकत नाही, पण आल्यावर तो मराठीसारखा वागला पाहिजे. टेम्पोवाला, टेम्पोभर ऊस, टेम्पोत बसला, असा तो सहज चालतो. ‘लोडिंग’ हे कामाचे नाव आहे, गाडीचे नाही. माझ्या वडिलांनी बावीस वर्षे मॅटाडोर चालवली आणि आमच्या गावात पुढे आलेल्या प्रत्येक बंद गाडीला लोक मॅटाडोरच म्हणत राहिले. ते नाव निदान एका गाडीचे तरी होते.

लष्करवाली (ग्वाल्हेर):
शब्द नुसता मराठीसारखा वागून भागत नाही, तो त्या गावात कळावा लागतो. माझी मावशी पुण्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने फोनवर ‘सामान आहे, स्टेशनवर टेम्पो पाठव’ असे सांगितले. मी शेजारच्या मुलाला तोच निरोप दिला आणि तो विक्रम, म्हणजे माणसे वाहणारी तीनचाकी, घेऊन गेला, जिच्यात आधीच पाच जण बसलेले होते. मावशी शिवणाचे हातमशीन मांडीवर घेऊन घरी पोहोचली, आणि तिच्या दोन ट्रंका संध्याकाळपर्यंत हमालाच्या भरवशावर फलाटावर राहिल्या. त्या दिवशी लोडिंग म्हटले असते, तर तिचे हाल झाले नसते.

फाळकेवाला (इंदूर):
गाडीच्या नावावर एवढे भांडता, पण गाडीचे अवयव कुणाला आठवतात का? माल ठेवायचा तो हौदा आणि मागची खाली पडणारी फळी म्हणजे फाळका. माझा मुलगा ‘बाबा, डाला उघडा’ म्हणतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. फाळक्याची कडी काढताना लोखंडाचा जो आवाज होतो, तो त्या शब्दातच आहे.

आकुर्डीचा:
हे मात्र मला पूर्ण पटले, आणि माझे म्हणणेही हेच आहे. आज डाला आला, उद्या आणखी काही येईल.

रामबागेतला:
हौदा अरबीतून आलेला आहे. अरबी शब्द चालतो आणि शेजारच्या हिंदीतला डाला बाटवतो, हा कोणता न्याय?

फाळकेवाला:
बाटवण्याचा शब्द मी काढलेला नाही, तो माझ्या तोंडी घालू नका. माझ्या आजोबांची बैलगाडी होती आणि हे शब्द मी त्यांच्याकडून ऐकले. डाला आला म्हणून फाळका का जावा, एवढेच मी विचारतो.

आकुर्डीचा:
आणि ‘न्याय’ वगैरे बोलून तुम्ही मला उगीच आरोपी करत आहात. महाराष्ट्राबाहेर राहिल्याने प्रत्येक शब्दाला आपोआप माफी मिळत नाही.

रामबागेतला:
माफी मागतो कोण? २००५ साली टाटांची एस ही छोटी मालवाहू गाडी आली. तिला रस्त्यावरच्या लोकांनी छोटा हाथी केले आणि तुम्ही पुण्यात मुकाट्याने छोटा हत्ती म्हणू लागलात. तेव्हा भेसळ कुठे गेली होती?

आकुर्डीचा:
तो मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. आमच्या गल्लीत तिला दुसरे नावच नाही. ‘भेसळ’ हा शब्द मागे घेतो. ‘लोडिंग’ मात्र माझ्या तोंडी बसणार नाही.

लष्करवाली:
बसवू नका. फक्त ग्वाल्हेरला सामान घेऊन आलात, तर निरोप मला द्या. गाडी मी सांगेन.

फाळकेवाला:
आणि ती आली की मागचा फाळका उघडायला सांगा.