'गनस्मोक'चा पहिला भाग : मार्शलला गोळी लागते तेव्हा

विचिटाकर : गेल्या आठवड्यात सासऱ्यांना घेऊन डॉज सिटीला गेलो होतो. बूट हिल या जुन्या दफनभूमीच्या टेकडीवर उभे राहताच 'गनस्मोक' या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत डॉज सिटीतला मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) मॅट डिलन याच थडग्यांमधून फिरत आपले स्वगत बोलतो, हे आठवले आणि रात्री घरी येऊन त्यांना १० सप्टेंबर १९५५ रोजी दाखवला गेलेला पहिला भाग लावून दिला. डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज समोर येतो, मार्शल बंदूक उपसतो आणि चक्क हरतो! नायकाला पहिल्याच भागात आडवे करण्याचे धाडस मला आजही थक्क करते. तुमचे अनुभव सांगा.

माळरान : ग्रॅटचा हात वेगवान आहे, पण नेम कच्चा आहे, म्हणूनच तो नेहमी अगदी जवळ येऊन उभा राहतो, ही गोम मॅटच्या लक्षात येते, तिथे मी खुर्चीत सरसावून बसले होते. दुसऱ्या सामन्यात तो ग्रॅटला जवळ येऊच देत नाही. विजय मनगटाचा नसून डोक्याचा आहे, हे मला फार आवडले.

कडू कारले : क्षमस्व, मला तो भाग घाईत उरकल्यासारखा वाटला. मालिका १९६१ पर्यंत अर्ध्या तासाचीच होती, हे मान्य. तरीही मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाची भीती थोडी अधिक दिसायला हवी होती.

रात्रपाळी : मी परिचारिका आहे, त्यामुळे गोळी लागलेला रुग्ण इतक्या लवकर चालू लागलेला पाहून हसू आले. आमच्या वॉर्डात त्याला दटावून झोपवले असते. डॉकची कुरकुर मात्र अस्सल. डॉक साकारणाऱ्या मिलबर्न स्टोनइतका पटणारा चिडका डॉक्टर मी प्रत्यक्षातही क्वचितच पाहिला आहे.

जुना रेडिओ : चित्रपटतारा जॉन वेनने सुरुवातीला येऊन करून दिलेली ओळख कोणालाच कशी आठवली नाही? १९५२ पासून रेडिओवर विल्यम कॉनरॅडच्या आवाजातला मॅट ऐकणाऱ्यांना हा नवा चेहरा पटवणे सोपे नसणार. माझ्या कानांना आजही कॉनरॅडच मार्शल वाटतो.

चहाबाज : आणि मॅटचा मदतनीस चेस्टर? लंगडत लंगडत 'मिस्टर डिलन' म्हणत येणाऱ्या त्या माणसासाठी मी ही मालिका पाहत असे. १९६४ मध्ये चेस्टर साकारणारा डेनिस वीव्हर निघून गेल्यावर माझा रस निम्मा झाला. (स्वयंपाक गॅसवर आहे, बाकीचे नंतर लिहिते.)

विचिटाकर : @कडू कारले, भीतीचे म्हणाल तर ती आमच्या घरात पुरेशी होती. मॅट कोसळला तेव्हा सासरे कळवळून म्हणाले, "अहो, हा गेला की काय?" पुढे अजून ६३४ भाग आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी परतीचे तिकीट पुढे ढकलता येईल का, अशी चौकशी केली आहे.