शब्दचर्चा : 'चक्कर'चा कोड काय? मेडिकल कोडिंगमधले काही मराठी शब्द

मूळ प्रश्न

क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांच्या, डेटा मॅनेजमेंटमध्ये मी मेडिकल कोडिंग करते. नव्याने रुजू झालेल्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय.

काम थोडक्यात असं. चाचणीतल्या माणसाला काही त्रास झाला की केंद्रावरचे डॉक्टर तो फॉर्मवर आपल्या शब्दांत लिहितात. एक 'फीव्हर' लिहितो, दुसरा 'पायरेक्सिया', तिसऱ्याचं स्पेलिंगच चुकतं. मोजताना तिन्ही एकच धरले जायला हवेत, म्हणून प्रत्येक नोंदीला मेड्रा या प्रमाणित डिक्शनरीतली संज्ञा आणि तिचा आठ आकडी कोड जोडायचा. औषधांच्या नावांसाठी व्हूड्रग.

आता अडचणी. 'संकेतन' लिहिलं तर मुलांना गुप्त लिपी वाटते. 'कोडिंग' लिहिलं तर सॉफ्टवेअर वाटतं. 'डिक्शनरी'ला सरळ 'शब्दकोश' म्हणावं का? 'व्हर्बेटिम' म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला जसाच्या तसा मजकूर, त्याला काय म्हणावं? आणि सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे 'ॲडव्हर्स इव्हेंट'. जो तो 'दुष्परिणाम' म्हणतो. मला ते चुकीचं वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाही.

प्रतिसाद

'कोडिंग' राहू द्या. रुळलेला शब्द आहे, फक्त पहिल्यांदा 'मेडिकल कोडिंग' असं पूर्ण लिहा. आणि तळटीप टाका की हॉस्पिटलची बिलं आणि विम्याचे दावे यांसाठी जे मेडिकल कोडिंग चालतं ते हे नव्हे. तिथे आयसीडीचे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे कोड असतात. मुलाखतीला येणारी निम्मी मुलं तिथलं शिकून आलेली असतात आणि इथे येऊन गोंधळतात.

प्रतिसाद

कोशाबद्दल एक प्रश्न. शब्दकोश म्हटलं की शब्दासमोर अर्थ हवा. मेड्रात अर्थ दिलेला असतो का?

मूळ प्रश्नकर्ती

मोजक्याच संज्ञांना थोडं स्पष्टीकरण असतं, बाकी नाही. असते ती जागा. पाच पायऱ्यांची उतरंड आहे. मळमळीचंच घ्या. डॉक्टरांनी 'फीलिंग क्वीझी' लिहिलं. ती सगळ्यात खालची संज्ञा, तिला आम्ही एलएलटी (लोएस्ट लेव्हल टर्म) म्हणतो. ती जाते 'नॉशिया' या पीटीखाली (प्रिफर्ड टर्म, म्हणजे मोजायला धरायची संज्ञा), कोड १००२८८१३. नॉशिया जाते 'मळमळ व उलटीची लक्षणे' या गटात, तो गट पचनसंस्थेच्या लक्षणांच्या मोठ्या गटात आणि तो मोठा गट 'पचनसंस्थेचे विकार' या एसओसीत (सिस्टिम ऑर्गन क्लास, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग). तळाला ८० हजारांहून जास्त एलएलटी, शेंड्याला फक्त २७ एसओसी. एका एलएलटीला एकच पीटी, ही अट कडक आहे. वर मात्र पीटीची एकाहून जास्त एसओसींशी सोयरीक असू शकते. इन्फ्लुएन्झा संसर्गातही येतो आणि श्वसनातही. मोजताना दोनदा मोजला जाऊ नये म्हणून त्याचं एक मुख्य घर ठरवलेलं असतं, ते संसर्गाचं.

प्रतिसाद

मग हा अमरकोशाच्या जातीचा कोश झाला! तिथेही शब्दासमोर अर्थ नाही. वर्ग पाडलेले आणि वर्गात समानार्थी शब्दांची रांग. मनुष्यवर्गात रोग, व्याधी, गद, आमय एका ओळीत बसवलेत. फरक इतकाच की अमरसिंहाने त्यातला कुठला शब्द 'प्रिफर्ड' हे सांगितलं नाही. 'संज्ञाकोश' म्हणा. 'शब्दकोश' म्हणालात तर मुलं अर्थ शोधायला जातील.

प्रतिसाद

'संज्ञाकोश' आवडला. एक पुरवणी: हा कोश दर वर्षी दोनदा बदलतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. एसओसी आधी २६ होत्या, २०१६ मध्ये १९.० आवृत्तीत 'प्रॉडक्ट इश्यूज' ही सत्ताविसावी आली. त्यामुळे 'मेड्रानुसार कोड केलं' हे वाक्य अर्धवट आहे. कुठली आवृत्ती ते लिहायलाच हवं. टिपणात 'व्हर्जन'ऐवजी 'आवृत्ती' बिनधास्त वापरा, कुणाला अडत नाही.

प्रतिसाद

मी औषधसुरक्षा विभागात डॉक्टर आहे. 'दुष्परिणाम' का नको ते सांगतो.

त्या शब्दात 'परिणाम' आहे. परिणाम म्हटला की कारण आलंच, म्हणजे औषधामुळे झालं हे आपण बोलता बोलता मान्य केलं. चाचणीतला माणूस जिन्यावरून घसरला आणि मनगट मोडलं, तर तीही ॲडव्हर्स इव्हेंट म्हणून नोंदवायची. व्याख्याच अशी आहे की उपचार चालू असताना घडलेली कोणतीही नकोशी वैद्यकीय घटना, तिचा उपचाराशी संबंध असो वा नसो. ज्यांना नुसतं प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) मिळतंय त्यांचंही डोकं दुखतंच की. आणि चाचणी अंधारात असताना, म्हणजे कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो हे कुणालाच ठाऊक नसताना, 'दुष्परिणाम' लिहिणं म्हणजे खटला चालू असताना निकाल देणं.

म्हणून 'प्रतिकूल घटना'. औषधाशी संबंध असण्याची वाजवी शक्यता दिसली तरच 'प्रतिकूल प्रतिक्रिया'. 'दुष्परिणाम' घरगुती बोलण्यात राहू दे, फॉर्मवर नको.

मूळ प्रश्नकर्ती

हेच हवं होतं! जिन्याचं उदाहरण उचलतेय.

प्रतिसाद

डॉक्टरसाहेब, मग 'सीरियस' आणि 'सिव्हिअर'चंही सांगा. मराठीत दोन्हीला 'गंभीर' लिहिलेलं मी संमतिपत्रकाच्या मसुद्यात पाहिलंय.

औषधसुरक्षा विभागातून

बरं झालं काढलंत. 'सिव्हिअर' म्हणजे त्रास किती जोराचा. त्याला 'तीव्र'. 'सीरियस' हा जोर मोजणारा शब्दच नाही, तो निकषांवर ठरतो: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम वाढणं, कायमचं किंवा मोठं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, किंवा वैद्यकीय दृष्ट्या तितकंच महत्त्वाचं दुसरं काही. औषधांच्या चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या १९९४ च्या ई२ए मार्गदर्शिकेत हा भेद मुद्दाम स्पष्ट केलाय. तेव्हा डोकं फुटेल इतकं दुखलं आणि घरीच झोपून बरं वाटलं, तर तीव्र, पण गंभीर नाही. हृदयविकाराचा झटका सौम्य होता, पण दाखल करावं लागलं, तर गंभीर, तीव्र नाही. गंभीर घटनेच्या अहवालाला मुदतीचं घड्याळ लागतं, तीव्र घटनेला लागतंच असं नाही. दोन्हीला एकच शब्द वापरला की घोळ कागदापुरता राहत नाही.

प्रतिसाद

'ॲक्यूट'लाही लोक 'तीव्र' म्हणतात हं. तिथे अर्थ 'अचानक सुरू झालेला, थोड्या काळाचा'. म्हणजे तुमचा 'तीव्र' आधीच दोन घरं सांभाळतोय.

औषधसुरक्षा विभागातून

मान्य. 'सिव्हिअर'ला 'अतितीव्र' म्हणणारे आहेत. मला तो ताणलेला वाटतो, पण तुमची हरकत खरी आहे. तोड माझ्याकडे नाही.

प्रतिसाद

मी मराठी-इंग्रजी अनुवाद करतो, रुग्णांच्या रोजनिशीची पानं येतात. माझं दुखणं उलट्या बाजूचं आहे. 'चक्कर आली' असं लिहिलेलं असतं. 'डिझिनेस' (डोकं हलकं वाटणं) करू की 'व्हर्टिगो' (सगळं गरगर फिरतंय असं वाटणं)?

मूळ प्रश्नकर्ती

अहो, तुमच्या या एका शब्दावर आमचा अवयव बदलतो! मेड्रात 'डिझिनेस' मज्जासंस्थेच्या विकारांत आहे आणि 'व्हर्टिगो' कान व अंतर्कर्णाच्या विकारांत. चक्कर येऊन शुद्ध हरपली तर 'सिंकोपी', ती परत मज्जासंस्थेत. आपल्याकडे तिन्हीला चक्करच. अंतिम तक्त्यात कानाच्या रकान्यात अचानक पाच जण दिसले की कुणीतरी विचारणारच, या औषधाने कानाला काही होतंय का? आणि कारण निघणार ते अनुवादकाचं शब्दप्रेम.

'जळजळ' तर याहून वाईट. छातीत आणि घशाशी जळजळ म्हणजे 'हार्टबर्न', ती 'डिस्पेप्सिया'खाली (अपचन) पचनसंस्थेत. डोळ्यांची जळजळ डोळ्यांच्या विकारांत. लघवीला जळजळ मूत्रसंस्थेत. तळपायांची जळजळ म्हणजे 'बर्निंग सेन्सेशन', मज्जासंस्थेत. शब्द एक, खण चार. नुसतं 'जळजळ' आलं आणि कुठे ते लिहिलं नसेल, तर हात बांधलेले.

प्रतिसाद

पण औषधं बघून अंदाज येतो ना? त्याच दिवशी पित्ताची गोळी सुरू झाली असेल तर छातीतलीच जळजळ.

मूळ प्रश्नकर्ती

अंदाज येतो आणि तिथेच घात होतो. माझाच किस्सा. नोकरीचे पहिले महिने. पूर्वेतिहासाच्या फॉर्मवर 'एमआय' एवढंच लिहिलेलं. रुग्ण साठीचा, ॲस्पिरिन चालू. मी डोळे मिटून मायोकार्डियल इन्फार्क्शन केलं. तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवलं आणि केंद्राला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, गेली. उत्तर आलं, मायट्रल इन्कॉम्पिटन्स. झडप नीट मिटत नाही, झटका कधी आलेलाच नाही. मी एका माणसाला कागदावर हार्ट अटॅक देऊन बसले होते.

तेव्हापासून नियम पाठ आहे: कोडरने निदान करायचं नाही. 'छातीत दुखणं' लिहिलं असेल तर छातीत दुखणंच, मग शेजारी ईसीजी कितीही ओरडत असो. फार तर विचारावं.

प्रतिसाद

ॲस्पिरिनवरून आठवलं, व्हूड्रगमध्येही हेच आहे. तिथे औषधाला एटीसी वर्ग जोडतात, म्हणजे औषध कुठल्या अवयवावर आणि कशासाठी याचं वर्गीकरण. ॲस्पिरिन रक्त पातळ ठेवायला घेतलं तर बी०१एसी०६, दुखण्यावर घेतलं तर एन०२बीए०१. गोळी तीच, कशासाठी घेतली यावर रकाना ठरतो. 'इंडिकेशन'ला मी 'कशासाठी' असंच लिहितो. 'निर्देश' लिहिलं की कुणाला कळत नाही.

प्रतिसाद

'व्हर्बेटिम' राहिलंच. 'शब्दशः' हे क्रियाविशेषण झालं, नाम हवं. 'मूळ बोल' कसं?

अनुवादकाकडून

गोड आहे, पण खोटं. बोल रुग्णाचे आणि फॉर्मवरचा शब्द डॉक्टरांचा. रुग्ण 'चक्कर' म्हणाला, डॉक्टरांनी किंवा माझ्यासारख्याने 'डिझिनेस' केलं आणि कोडरच्या पडद्यावर तेच मूळ म्हणून आलं. एक भाषांतर आधीच होऊन गेलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती

मग 'मूळ नोंद'. नोंदीपुरतीच मूळ, हे त्यातून कळतं. कोड दिला तरी मूळ नोंद पुसत नाहीत, दोन्ही शेजारीशेजारी राहतात, हेही सांगायला सोपं जातं. आवृत्ती बदलली, कोड बदलला, तरी ती तशीच.

एकूण टिपणात जाणार ते: मेडिकल कोडिंग, संज्ञाकोश, मूळ नोंद, प्रतिकूल घटना, गंभीर. 'तीव्र'वर तारा मारून ठेवलाय. आणि सरावाचा पहिला प्रश्न बदलला. आधी होता, 'चक्कर : योग्य संज्ञा निवडा'. आता, 'चक्कर : केंद्राला काय विचाराल?'

प्रतिसाद

सोपं आहे. 'खोली गरगर फिरल्यासारखी वाटली का?'

औषधसुरक्षा विभागातून

नापास. उत्तर तोंडात घातलंत, अशी क्वेरी चालत नाही. 'चक्कर म्हणजे नेमकं काय झालं ते कृपया लिहावे', एवढंच विचारायचं.