मूर्तिजापूरवरून थळ घाटाची रात्रीची सहल: अख्खा डबा घ्यावा की ग्रुप तिकिटं?

शकुंतलाप्रेमी:
नमस्कार मंडळी. कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूर मिळून आम्ही ३८ जण आहोत. डिसेंबरात शनिवारी रात्री निघायचं, रविवारी थळ घाटातले (कसारा-इगतपुरी) बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, पाहायचे आणि सोमवारी सकाळी घरी. काही जण म्हणतात अख्खा डबाच बुक करा, मूर्तिजापूरला जोडून मिळतो. मिळतो का खरंच? आणि नाही मिळाला तर दोन मिनिटांच्या थांब्यात एवढी माणसं सामानासकट चढवायची कशी?

सातशेबासष्ट:
मूर्तिजापूरला नाही जमणार, भाऊ. आयआरसीटीसीच्या एफटीआर (पूर्ण भाडं भरून अख्खा डबा घ्यायच्या) योजनेत डबा जिथं जोडायचा आणि काढायचा, तिथं गाडीचा थांबा किमान १० मिनिटांचा लागतो. अर्ज ३० दिवस ते ६ महिने आधी, डब्यामागे ५०,००० रुपये अनामत. शिवाय गाडी एलएचबी (नव्या बनावटीच्या डब्यांची) असेल तर डबाही एलएचबीच हवा. जुन्या डब्याचं स्क्रू कपलिंग त्याला जुळत नाही. एलएचबी स्लीपरात ८० बर्थ असतात. ३८ जणांनी ८० बर्थचे पैसे कायले भरायचे?

तिकिटंच काढा. एका पीएनआरवर सहाच नावं बसतात, म्हणजे ७ पीएनआर झाले. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी सातही तिकिटं एकदम काढा. ज्यांना बडनेऱ्याहून बसायचं त्यांची तिकिटं बडनेऱ्याचीच घ्या. बडनेऱ्याचं तिकीट काढून मूर्तिजापूरला चढायचं असेल तर बोर्डिंग आधीच बदलून ठेवा, नाहीतर टीसी गैरहजर लावतो आणि बर्थ दुसऱ्याला जातो.

फलाटशेवट:
चढण्याबद्दल सांगतो, कारण घोळ तिथंच होतो. एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब. एस-३ समजून उभे राहिलात आणि समोर एस-८ आला, की पिशव्या घेऊन १२० मीटर पळापळ. गाडी मुंबईकडं जाते म्हणजे इंजिन अकोल्याच्या बाजूला. पण डब्यांचा क्रम त्या दिवशीच्या फलकावर किंवा चौकशीत पाहूनच उभे राहा, मागच्या आठवड्याच्या आठवणीवर नको.

प्रत्येक दाराला दहाच माणसं. पहिले दोघं रिकाम्या हातानं चढून आत सरकतील, खालचे दोघं सामान देतील, मग बाकीचे. दारातच बर्थ नंबर शोधत उभं राहायचं नाही, हे आधी दहादा बजावा. चुकीच्या डब्यात चढलात तरी चालतं, गाडी सुटल्यावर आतून आपल्या डब्यात जाता येतं. मोजणी दर दहा जणांत एकानं करायची. एकानं सगळे ३८ मोजू नयेत.

रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद असतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या घरूनच भरून न्या. डब्यात तिखट पुऱ्या न् चटणी असू द्या. स्टो किंवा गॅस गाडीत न्यायचाच नाही, गुन्हा आहे तो.

बँकरवेडा:
तुमच्या बेतात एक मोठी चूक राहू नये. अमरावती-मुंबई घ्या की विदर्भ, रात्रीची गाडी इगतपुरी-कसारा घाट अंधारातच उतरते. शिवाय घाट उतरणाऱ्या गाडीला बँकर लागतच नाहीत. ते कसाऱ्याहून इगतपुरीकडं चढताना लागतात. चढ १ ला ३७ चा आहे.

म्हणून कल्याणला उतरा आणि कसारा लोकल पकडा. कसाऱ्याला फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहा, कारण चढणाऱ्या गाडीचं शेपूट तिथं येतं आणि बँकर शेपटाला जोडतात. पुढून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. वंदे भारत बँकरशिवाय चढते, तिच्यासाठी ताटकळू नका. फलाट सोडून रुळात उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत.

कसाऱ्यापुढं लोकल जात नाही. दुपारी कल्याणला परत या आणि नाशिक रोडला थांबणाऱ्या दिवसाच्या एक्स्प्रेसचं आरक्षण कल्याणवरूनच ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा कल्याणहून चारच्या आत सुटणारी गाडी पाहा, म्हणजे चढताना बोगदे उजेडात मिळतील. मग परतीची रात्रीची गाडी नाशिक रोडवरून.

शकुंतलाप्रेमी:
हे झकास. मग परतीचे पीएनआर नाशिक रोड ते मूर्तिजापूर काढतो. उतरायलाही दोनच मिनिटं, त्याचं काय?

फलाटशेवट:
१३९ वर डेस्टिनेशन अलर्ट लावा, फोन येतो. पण तो एकाच्याच भरवशावर नको, डब्यागणिक एकानं लावावा. अकोला गेलं की सगळ्यांना उठवून सामान दारापाशी न्या, दोन्ही दारं वापरा.