अनुभव धागा: बाटली घेताना ती कुठे बनली ते बघता का?

नाशिककरांनो, ब्रँडचं नाव पुढे ठळक असतं; मद्य कुणी गाळलं आणि कुठे भरलं, हे मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत. ते वाचून तुमची निवड कधी बदलली का? परवाना असलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या मंडळींनी मोकळेपणाने लिहा. नशा कशाची जास्त, हा विषय इथे नको.

गंगापूर रोड
स्कॉचबद्दल, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीबद्दल लिहितो. दुकानात दोन प्रकार शेजारी-शेजारी असतात: तिकडूनच भरून आलेली, आणि घाऊक येऊन इथे भरलेली. दुसरीवर 'बॉटल्ड इन इंडिया' दिसलं की लोक तिला नकली ठरवून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली असते, तिथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असते. पाहुणे यायचे असले की मी तीच आणतो, स्वस्तही पडते. सिंगल माल्टचं, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेलीचं, मात्र वेगळं. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. तिच्यावर इथे भरल्याचं दिसलं तर हात लावू नका.

निफाड
आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे माझा जीव ब्रँडीत. खरी ब्रँडी वाइन गाळून काढतात. पण आपल्याकडे 'ब्लेंडेड ब्रँडी'त द्राक्षाची ब्रँडी २ टक्के असली तरी नियमात बसतं. बाकीचं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची फारशी चव नसलेलं अल्कोहोल, ते बहुतेक वेळा उसाच्या मळीचं. जिल्हाभर द्राक्षं पिकतात, आणि थंडीत आमच्या आजोबांच्या कपात पडते ती मळी! फार लागतं हे मनाला. म्हणून मी काउंटरवरच बाटली फिरवून घटक वाचतो, मागे कितीही रांग असो. नुसत्या द्राक्षाची महाग असते, तरी तीच घेतो. तिचे पैसे शेवटी कुठल्यातरी बागेत जातात.

इंदिरानगर
दादा, लेबलवरच्या कंपनीच्या पत्त्यावरही विसंबू नका. मेव्हण्याने अमेरिकेतून राय व्हिस्की (राय या धान्याची) आणली. पुढे जुन्या लाकडी कोठाराचं चित्र, पत्ता भलत्याच राज्याचा. चष्मा लावून मागे पाहिलं तर 'डिस्टिल्ड इन इंडियाना'. तिथे लॉरेन्सबर्गला एमजीपी कंपनीची मोठी डिस्टिलरी आहे, ती कितीतरी ब्रँडना तयार व्हिस्की पुरवते. चव छानच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण कोठाराच्या चित्राचे जादा पैसे मी देणार नाही. टकिलाचं बरं असतं. बाटलीवर 'एनओएम' (मेक्सिकोच्या सरकारी मानकाची खूण) आणि ४ आकडी क्रमांक छापलेला असतो, त्यावरून मेक्सिकोतला कारखाना कळतो. क्रमांक एकच आणि किमती वेगळ्या, असे ब्रँडही सापडतात.

सातपूर
थोडक्यात सांगते. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' लिहिलेली बाटली स्वस्त मिळाली म्हणून गाडीत टाकून आणू नका. वाटेत राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते, आणि गुन्हा नोंदवला जातो. काजूची फेणी तिथेच प्यावी. तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे.

कॉलेज रोड
निफाडकर, नुसत्या द्राक्षाची ब्रँडी शहरात नियमित कुठे मिळते? आमच्या दुकानदाराने गिऱ्हाईक नाही म्हणून ठेवणं बंद केलं. चार जणांनी नाव घेऊन मागितली तर पुन्हा मागवतो म्हणाला. मी सांगून आलोय, अजून तिघं हवेत.